आजीला सांगितलेली सून

बाईंनी आपला व्यवसाय सांगितला की समोरचा हमखास विचारायचा, "म्हणजे नेमकं काय करता?" बाई अंध माणसांसाठी चित्रपटांचं वर्णन लिहायच्या. दोन संवादांच्या मधे चार-पाच सेकंदांची मोकळी जागा सापडली की तिथे पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं. 'ती पत्र फाडते.' 'तो दारातच थबकतो.' जास्त सांगितलं तर ऐकणारा वैतागतो, कमी सांगितलं तर गोष्ट त्याच्या हातून निसटते. बाईंना हे काम फार छान जमायचं, आणि ते छान जमतं हे त्यांना स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

सुरुवात घरातूनच झाली होती. बाईंच्या आईची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. नातवापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे तिला आजी म्हणत, पुढे बाईही आजीच म्हणू लागल्या, तेव्हा आपणही आजीच म्हणू. ही आजी टीव्हीसमोर बसून दर मिनिटाला बाईंना कोपर मारायची. "आता काय झालं? कोण आलं? रडतेय का ती, की नुसतीच उभी आहे मेली?" बाई सांगत गेल्या, सांगता सांगता तयार झाल्या, आणि नवरा गेल्यावर त्याच तयारीवर त्यांना स्टुडिओत काम मिळालं. आजीला जे दिसायचं ते बाईंच्या तोंडून दिसायचं. तिचा लेकीवर पूर्ण विश्वास होता, आणि आपल्या गोष्टीतली गाठ नेमकी तिथेच आहे.

त्या महिन्यात बाईंच्या हातात जो चित्रपट आला तो वंशभेदावरचा होता. एक काळी परिचारिका परक्या शहरात भाड्याची खोली घेते. इमारतीतलं कोणी तिला शिवी देत नाही, कोणी दगड मारत नाही. घरमालकीण तर साखरेसारखी गोड. तिला छत्री देते, ताप आला तर औषध आणून देते, आणि फोनवर सगळ्यांना सांगते, "तशी वाटत नाही हो ती अजिबात." वर्षभरानं परिचारिका खोली सोडते, तेव्हा आपल्याला कळतं की तिनं आपली सामानाची खोकी कधी उघडलीच नव्हती. रिकाम्या खोलीत उभी राहून घरमालकीण म्हणते, "आम्ही काय कमी केलं तिला?" आणि चित्रपट संपतो.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाई ढसाढसा रडल्या. मग घरमालकिणीवर भडकल्या. "असल्या माणसांना आरसा दाखवायला हवा," असं त्या आजीला म्हणाल्या. आजीनं मान डोलावली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ कसं लख्ख दिसतं, त्याला ना चष्मा लागतो ना उजेड.

आता घरची गोष्ट. बाईंना एकच मुलगा. त्यानं दोन वर्षांपूर्वी लग्न केलं ते समुद्रापलीकडून आलेल्या घराण्यातल्या मुलीशी. मुलगी काळी होती. सावळी नाही, काळी. कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत ती काम करायची, आणि कामात इतकी चोख की शहरातले दंतवैद्य तिचं नाव घेऊन काम पाठवायचे. बाईंनी लग्नाला हूं की चूं केलं नाही, उलट चार नातेवाइकांची तोंडं बंद केली. आपण पुढारलेल्या आहोत याचा त्यांना अभिमान होता. सून दर रविवारी जेवायला यायची, भांडी विसळायची, आजीची कवळी साफ करून द्यायची, आणि तरीही दोन वर्षांत ती कधी पाय पसरून बसली नव्हती. बाई म्हणायच्या, स्वभाव असतो एकेकाचा.

आणि त्या महिन्यातल्या एका रविवारी, सून पाचव्या महिन्यात असताना, मुलानं जाताजाता जिन्यात सांगितलं, "आई, तिला दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय. आठ तासांचा प्रवास आहे. पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचंय, आणि ती म्हणतेय जाऊ या."

बाईंच्या पायाखालची फरशी सरकली. "बाळ तिकडे होणार? आणि आजी? आणि मी?" मुलगा एक पायरी उतरला. बाईंच्या तोंडून निघून गेलं, "आम्ही काय कमी केलं तिला?"

"काही नाही, आई," मुलगा म्हणाला आणि जिना उतरला.

स्टुडिओचा एक नियम होता. लिहिलेलं वर्णन ध्वनिमुद्रणाला जाण्याआधी एका अंध श्रोत्यासमोर वाचायचं. बाईंचे श्रोते म्हणजे ऑपरेटरकाका. जन्मापासून दृष्टी नव्हती, आणि चाळीस वर्षं त्यांनी एका मोठ्या रुग्णालयाचं टेलिफोन एक्स्चेंज सांभाळलं होतं. आवाजावरून माणूस ओळखायचे, आणि तोंडावर बोलायचे. काही खटकलं की टेबलावर दोन बोटं वाजवायचे. बाईंच्या वर्णनाला सबंध चित्रपटात तीन-चार वेळा बोटं वाजली तर खूप. त्या गुरुवारी पहिल्या दहा मिनिटांतच वाजली.

"बाई, एक सांगा. या इमारतीत एकच माणूस रंगीत आहे का?"

"म्हणजे?"

"तुम्ही वाचलंत, 'घरमालकीण दार उघडते. समोर एक काळी तरुणी.' मग 'एक म्हातारा जिना चढतो.' 'एक वकील कुलूप लावतो.' 'दोन बायका कुजबुजतात.' हे सगळे काय काचेचे आहेत? आरपार?"

बाई हसल्या. "गोरे आहेत हो सगळे."

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय. कागदावर कुठे आहे?"

"काका, चित्रपटच तिच्या रंगाबद्दल आहे. म्हणून तिचा सांगितला."

"असं होय!" काकांनी खुर्ची पुढे ओढली. "मला वाटलं, चित्रपट त्या बाकीच्यांबद्दल आहे."

काकांनी पुढे वाचायला सांगितलं, आणि पाच मिनिटांत परत बोटं वाजली. बाईंनी लिहिलं होतं, 'ती आरशात पाहते. काळी असली तरी नाकीडोळी नीटस.'

"हे 'असली तरी' चित्रपटात आहे का बाई, की तुम्ही घरून आणलंत?"

बाईंचा चेहरा तापला. चेहरा तापलेला काकांना दिसला नाही खरा, पण चाळीस वर्षं एक्स्चेंजवर बसलेल्या माणसाला श्वास ऐकू येतोच. "रागावू नका," ते म्हणाले. "मलाही कोणी म्हणायचं, 'आंधळा असला तरी हुशार आहे.' मी म्हणायचो, धन्यवाद, तुम्ही डोळस असलात तरी सभ्य आहात." मग स्वतःच्याच विनोदावर खोखो हसले. "सगळ्यांचे रंग सांगा, नाहीतर कोणाचाच सांगू नका. आणि एक, चहा-कॉफी-चॉकलेट असल्या उपमा आणू नका. मला भूक लागते."

इथे कोणाला वाटेल की आंधळ्यानं डोळसाचे डोळे उघडले वगैरे. हे वाक्य काकांसमोर कोणी बोललं असतं तर त्यांनी त्याला टेबलासकट बाहेर काढलं असतं. काकांना काही दिव्य दिसलं नव्हतं. त्यांनी फक्त बाईंचं काम बाईंइतक्याच बारकाईनं ऐकलं होतं. बाईंनी कागद गोळा केले आणि जरा तोऱ्यातच घरी गेल्या.

शुक्रवारी सकाळी त्या दुरुस्तीला बसल्या. वर्णनाचं काम असं की मोकळी जागा मोजायला तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा लागतो. शेवटच्या प्रसंगात घरमालकिणीचा रंग कुठे बसवायचा ते बघायला बाईंनी तो तुकडा लावला. 'आम्ही काय कमी केलं तिला?' मग साडेतीन सेकंद शांतता. पुन्हा लावला. 'आम्ही काय कमी केलं तिला?' लिहिलं, 'गोऱ्या घरमालकिणीच्या डोळ्यांत पाणी.' जास्त होतंय. खोडलं. पुन्हा लावला. सातव्या-आठव्या वेळेला बाईंचा हात बटणावरच राहिला. हे वाक्य त्यांनी जिन्यात म्हटलं होतं. शब्द तेच, सूर तोच, आणि डोळ्यांत पाणीसुद्धा तेच.

आणि मग त्यांना लग्नाचा दिवस आठवला.

नोंदणी कचेरीतलं बाक. आजी मधे, एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला नवी सून. आजीनं सुनेचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि लेकीला विचारलं होतं, "कशी दिसते गं? सांग ना." बाईंनी क्षणभरही विचार न करता सांगितलं होतं, "उजळ आहे. आपल्यात शोभून दिसते."

उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हातारीला धक्का नको, सणासुदीसारख्या दिवशी विघ्न नको, असं कारण बाईंनी तेव्हा स्वतःला दिलं होतं. पोरीला आपली भाषा थोडीच कळते, असंही वाटलं होतं. आणि त्याच दुपारी जेवताना सुनेनं उभं राहून आपल्या भाषेत पाच वाक्यांत सगळ्यांचे आभार मानले होते! वर्षभर गुपचूप शिकली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनीही वाजवल्या, आणि दुपारचे आभार ज्या मुलीला जमले तिला सकाळचं 'उजळ' समजलं असणार, एवढा साधा मेळ त्यांच्या डोक्यात दोन वर्षांत बसला नाही. रोज अनोळखी लोकांसाठी जे दिसतं तेच खरं सांगणाऱ्या बाईनं, आपल्या आंधळ्या आईला घरातल्या माणसाचंच खोटं वर्णन केलं होतं, आणि ते माणूस तिथे बसून ऐकत होतं. खोकी बंदच होती. आपल्या घरातली.

बाई रडल्या. पण या वेळी घरमालकिणीवर भडकता येईना.

रविवार आला. मुलगा खिडकीची सैल झालेली कडी दुरुस्त करत होता. सून आजीसमोर खुर्ची ओढून बसली होती, कारण आजीची जुनी कवळी टोचत होती आणि सुनेनं नवी करून आणली होती. नव्या दातांचा रंग ताडून पाहायला तिच्या हातात दातांच्या रंगांची पट्टी होती. एकापुढे एक सोळा दात, सोळाही वेगळे. "पांढरा असा दात नसतोच, आजी," ती सांगत होती. "पिवळट असतो, राखाडी असतो. हिरडीचाही रंग बघावा लागतो. आ करा." आजीनं आज्ञाधारकपणे आ केला. तिचं बोळकं उघडं होतं आणि खालची जुनी, वरची नवी, अशा दोन्ही कवळ्या ताटलीत होत्या.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हात पुसून पुसून फडक्याचा पार बोळा झाला होता. सगळे जेवून उठल्यावर बोलू, असं त्यांनी तीन वेळा ठरवलं आणि तीनही वेळा त्यांना कळलं की मग आपण कधीच बोलणार नाही.

"आजी," त्या म्हणाल्या, "मी तुला एक खोटं सांगितलंय."

सुनेचा हात थांबला.

"लग्नाच्या दिवशी तू विचारलंस, सून कशी दिसते. मी म्हटलं उजळ आहे. ती उजळ नाही. काळी आहे. मला तेव्हा लाज वाटली. तिची नाही... म्हणजे, तिचीच. खोटं कशाला बोलू, तिच्या रंगाचीच. आणि आता माझी वाटतेय." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "तू ऐकलं होतंस."

"हो," सून म्हणाली. तिनं पट्टी मांडीवर ठेवली. "मी तो शब्द शिकले होते. पहिल्याच महिन्यात. क्रीमच्या जाहिरातीत असतो."

खिडकीपाशी मुलाच्या हातातला पेचकस थांबला होता. आजीनं हवेत हात पसरला आणि फुसफुशीत आवाजात म्हणाली, "दात दे माझे. मला बोलायचंय."

सुनेनं कवळ्या धुऊन दिल्या. आजीनं खालची बसवली, वरची बसवली, दोनदा चावून पाहिलं आणि लेकीच्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"सहा वर्षं मी तुझ्या डोळ्यांनी बघतेय. मग मी दोन वर्षं कोणाचा हात धरतेय? तू रचलेल्या मुलीचा?"

"तुला त्रास होईल असं वाटलं."

"झालाच असता! मी काय संत आहे? तू खरं सांगितलं असतंस तर मी नाक मुरडलं असतं. चार वाईट शब्दही बोलले असते. मग ही पोर घरी आली असती, माझ्या तोंडात हात घालून माझे दात नीट केले असते, आणि महिन्याभरात माझं मुरडलेलं नाक सरळ झालं असतं. ती संधी तू मला दिलीच नाहीस. मला वाईट ठरवून मोकळी झालीस, आणि तिलाही तू ती संधी दिली नाहीस." आजीनं चाचपत सुनेचं मनगट धरलं. "तू तरी सांगायचंस गं."

"मी काय सांगणार, आजी? 'मी उजळ नाही' असं?" सून शांतपणे बोलत होती. "मी दर रविवारी वाट बघायचे. आज आई सांगतील, उद्या सांगतील. मग मला बाळाची भीती वाटायला लागली. बाळ तुमच्या मांडीवर असेल आणि तुम्ही विचाराल, कसं आहे गं? तेव्हा आई काय सांगतील? म्हणून जाऊ या म्हटलं."

बाईंना समजलं की माफ कर म्हणून इथे भागणार नाही. आपल्याला जे एकच काम येतं तेच करावं लागेल. त्या समोर येऊन बसल्या.

"आजी, मी पुन्हा सांगते. नीट सांगते." त्यांनी श्वास घेतला. "ती तुझ्यासमोर बसलीय, गुडघे तुझ्या गुडघ्यांना लागलेत. रंग गडद तपकिरी, जवळजवळ काळा. खिडकीचा उजेड कपाळावर पडलाय, तिथे निळसर झाक आहे. तळहात फिकट आहेत, गुलाबीकडे झुकणारे. केस बारीक कुरळे, मानेवर बांधलेत. डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे. गाल भरलेत, मागच्या महिन्यापेक्षा जास्त. पोट दिसायला लागलंय. ती माझ्याकडे बघतेय." बाई थांबल्या. "हसत नाहीये."

"आणि नातू?" आजीनं विचारलं.

काकांचा नियम बाईंना आठवला. "तो गोरा, उन्हानं मान तांबडी झालेली. केस कपाळावरून मागे हटायला लागलेत. पेचकस उलटा धरलाय त्यानं."

"आई!" मुलगा म्हणाला.

"आणि तू?" आजीनं विचारलं. "तू कशी दिसतेस आता? सगळ्या जगाचं सांगतेस, स्वतःचं सहा वर्षांत एकदा सांगितलं नाहीस."

बाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना एक शब्दही सापडेना. तीस-चाळीस चित्रपटांत हजार माणसांची वर्णनं केलेली बाई, स्वतःपाशी येऊन अडली.

"मी सांगते," सून म्हणाली.

तिनं सासूकडे तसंच पाहिलं जसं ती दाताकडे पाहायची, डोकं जरासं कलवून, घाई न करता. "आईंचा रंग फिकट आहे, पिवळसरपणाकडे. आत्ता मात्र लाल झाल्यात. कानांपर्यंत, कानाच्या पाळ्यासुद्धा. डोळ्यांखाली राखाडी आहे, म्हणजे झोपल्या नाहीत दोन-तीन दिवस. केस अर्धे पांढरे, विंचरायला विसरल्यात. हातात फडकं आहे, ते पिळून पिळून मेलंय बिचारं. नाक गळतंय."

"पूस ते नाक," आजी म्हणाली.

बाईंनी फडक्यानंच नाक पुसलं. "फडक्यानंच पुसलं," सुनेनं सांगितलं, आणि पहिल्यांदा कोण हसलं ते कोणालाच कळलं नाही. आजीची नवी वरची कवळी हसताना सुटली, ती सुनेनं हवेतच झेलली. आपलं कोणी इतकं खरं, काहीही न लपवता, आणि तरीही इतक्या मायेनं वर्णन केलेलं बाईंनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्यांना सुनेचे आभार मानायचे होते. दोन वर्षं रविवार न चुकवल्याबद्दल, आजीच्या तोंडात हात घातल्याबद्दल, आणि नाक गळतंय हेसुद्धा सांगितल्याबद्दल. शब्द काही नीट जुळले नाहीत. "तू आलीस हे आमचं भाग्य," एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या, आणि ते त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

सून कवळी उजेडात धरून बघत होती. "ही अजून सैल आहे. तीन-चार वेळा तरी घासून बसवावी लागेल. आठवड्यातून एकदा." मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, "उद्या त्या नोकरीला नाही म्हणून कळवते."

सोमवारी बाई दुरुस्त केलेलं वर्णन घेऊन ऑपरेटरकाकांसमोर बसल्या. घरमालकीण गोरी होती, म्हातारा गोरा होता, वकील गोरा होता, कुजबुजणाऱ्या दोन्ही बायका गोऱ्या होत्या, आणि परिचारिका आरशात पाहत होती, नुसतीच. शेवटच्या साडेतीन सेकंदांत बाईंनी काहीच लिहिलं नव्हतं. काकांची बोटं सबंध वेळ टेबलावर निजून राहिली. संपल्यावर बाईंनी त्यांचे हात धरून आभार मानले, इतके की काका गोंधळले.

"अहो, मी काय केलं? चार रंगच वाढवायला सांगितले."

"सोळा," बाई म्हणाल्या, आणि त्यांना सगळं सांगितलं.

बाळ चार महिन्यांनी झालं, मुलगी. रुग्णालयाच्या खोलीत आजीच्या मांडीवर तिला ठेवलं तेव्हा आजीनं नव्या, पक्क्या बसलेल्या दातांनी विचारलं, "कशी आहे गं?" बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून उशीला टेकून बसली होती, दमलेली, पाय लांब पसरून.

"सांगा ना, आई," ती म्हणाली. "तुमचंच काम आहे."